६६ कूपनांची फॅशन

१ जून १९४१. रविवार, त्यातून ख्रिस्ती लोकांचा सण. ब्रिटनमधली दुकानं बंद होती. त्या सकाळी व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन रेडिओवर बोलले आणि देशाला कळलं की आजपासून कपडे रेशनवर. माणशी वर्षाला ६६ कूपनं. बातमी इतकी गुप्त ठेवलेली होती की कपड्यांची वेगळी कूपनं छापलेलीही नव्हती. अन्नाच्या रेशनपुस्तकात मार्गारीनची जी कूपनं शिल्लक होती, तीच दुकानदारांनी कपड्यांसाठी घ्यायची होती. आधी कुणकुण लागली असती, तर खिशात पैसा असलेल्यांनी आठवड्याभरात दुकानं धुऊन नेली असती.

पंतप्रधान चर्चिल यांना हे पसंत नव्हतं. प्रजेने फाटक्यातुटक्या कपड्यांत फिरावं ही कल्पनाच त्यांना सहन होईना. जर्मनांच्या 'बिस्मार्क' या युद्धनौकेच्या पाठलागात ते बुडालेले असताना लिटलटन यांनी त्यांची संमती पदरात पाडून घेतली.

मी जन्मभर शिवणकाम शिकवलं. मुली वर्गात यायच्या त्या मशीन शिकायला, पण मशीन चालवणं महिन्याभरात येतं. यायला वर्षं लागतात ते बेतणं. कापड टेबलावर पसरलं, खडू हातात घेतला, की त्या क्षणी जे ठरतं तोच कपडा. बाकी सगळी टीप. कापड मुबलक असलं तर बेतणाऱ्याच्या चुका चुण्यांत आणि झालरींत लपतात. ते मोजकं मिळालं की खरी परीक्षा होते. म्हणूनच राण्यांच्या पायघोळ पोशाखांपेक्षा मला १९४१ ते १९४९ मधल्या साध्या ब्रिटिश कपड्यांचं मोल जास्त वाटत आलं आहे. मुलगी लंडनला राहते, त्यामुळे ते जवळून पाहायलाही मिळाले.

कूपनांचा हिशेब असा होता. पुरुषाचा कोट १३ कूपनांचा, विजार ८, वेस्टकोट ५. म्हणजे एका सुटात २६ गेली. बाईचा अस्तर लावलेला ओव्हरकोट १४, लोकरी फ्रॉक ११, सुती किंवा रेयॉनचा ७, बाईचे बूट ५, पायमोज्यांचा जोड २. पैसेही मोजायचे आणि कूपनंही द्यायची. पहिल्या वर्षीची ६६ कूपनं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत साधारण एक नवा जोड. पुढे हा वाटा आटतच गेला. सप्टेंबर १९४५ ते एप्रिल १९४६ या आठ महिन्यांना मिळून अवघी २४ कूपनं मिळाली, महिन्याला तीन. युद्ध तेव्हा संपलेलं होतं, तरीही.

हे सगळं कशासाठी? कापूस आणि लोकर बाहेरून जहाजांतून यायची आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. देशातली साधारण चौथा हिस्सा माणसं कुठला ना कुठला गणवेश घालत होती, त्यालाही कापड लागत होतं. गिरण्यांतली बायामाणसं दारूगोळ्याच्या कारखान्यांत हवी होती. उरेल ते कापड नुसतं बाजारावर सोडलं असतं, तर भाव भडकून गरिबांच्या अंगावर काहीच राहिलं नसतं.

पण कूपनाच्या हिशेबात एक खोट होती आणि ती लवकरच उघडी पडली. कूपन नग मोजत होतं, कस मोजत नव्हतं. श्रीमंत बाई १४ कूपनांत दहा वर्षं टिकेल असा कोट घ्यायची. कामगाराची बायको तेवढीच १४ कूपनं देऊन स्वस्तातला कोट घ्यायची आणि तो दुसऱ्या हिवाळ्यात विरायचा. वाटणी कागदावर सारखी आणि अंगावर विषम. शिवाय श्रीमंतांची कपाटं आधीच भरलेली होती.

यावरचा उपाय म्हणून 'युटिलिटी' योजना आली. कापड कोणतं, त्यात सूत किती, वजन किती, धुतल्यावर किती आटेल, हे सरकारने ठरवून दिलं. भावही बांधून दिला आणि या कपड्यांवरचा खरेदी कर काढून टाकला. त्यावर एक शिक्का असायचा, रेजिनाल्ड शिप या कलाकाराने काढलेला. इंग्रजी 'सी'ची दोन अक्षरं, दोन्ही वर्तुळांतून एकेक फोड कापून काढल्यासारखी, आणि पुढे ४१ हा आकडा. लोक त्याला 'चीज' म्हणायचे, कारण तो आकार चीजच्या गोल वड्यांसारखा दिसायचा. पुढे ब्रिटनमधल्या कपड्यांचं सुमारे ८५ टक्के उत्पादन या शिक्क्याखाली होऊ लागलं. गरीब घरातल्या कित्येक बायकांच्या अंगावर पहिल्यांदाच टिकाऊ कापडाचा, नीट शिवलेला कोट आला तो युद्धात. शांततेच्या काळात बाजाराने तो त्यांना दिला नव्हता.

१९४२ मध्ये सरकार कात्रीपर्यंत पोचलं. शिवणाऱ्यांसाठी निर्बंधांचे आदेश निघाले. बाईच्या फ्रॉकला खिसे जास्तीत जास्त दोन, बटणं पाच, स्कर्टला शिवणी सहा, दोन बॉक्स प्लीट किंवा चार साध्या प्लीट, आणि एकूण टीप १६० इंचांपेक्षा जास्त नको. पुरुषांच्या कोटाला तीनच बटणं आणि तीनच खिसे. डबल ब्रेस्ट बंद. विजारीच्या तळाची उलटी दुमड बंद. शर्टाचे दुहेरी कफ बंद. मोज्यांचीही लांबी ठरवून दिली, साडेनऊ इंच.

बायकांनी हे नियम कुरकुरत का होईना पचवले. पुरुषांनी मात्र विजारीच्या दुमडीवरून मोठा गहजब केला. व्यापार मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ह्यू डाल्टन यांच्यापुढे तक्रारींचा ढीग पडला. कित्येकांनी मुद्दाम लांब विजार विकत घेऊन घरी आपली आपणच दुमड घालून घेतली. अखेर १९४४ च्या सुरुवातीला पुरुषांच्या सुटावरचे निर्बंध सरकारला उठवावे लागले. साम्राज्य लढाईत असताना माणसं दोन इंच दुमडीसाठी भांडली. मला याचं नवल वाटत नाही. आपण आपलेच आहोत, एवढी खात्री अंगावरचा कपडा देतो. ती गेली की माणूस अस्वस्थ होतो.

सरकारी कपडा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर गोणपाट येतं, हे व्यापार मंडळ ओळखून होतं. म्हणून त्यांनी लंडनच्या सर्वांत नामांकित डिझायनरांना बोलावलं. १९४२ मध्ये 'इनकॉर्पोरेटेड सोसायटी ऑफ लंडन फॅशन डिझायनर्स' ही संस्था उभी राहिली. त्यात राणीचे कपडे शिवणारे नॉर्मन हार्टनेल होते, एडवर्ड मॉलिन्यू होते, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टिबेल आणि बियांका मोस्का होत्या. हार्डी एमीस तर त्याच काळात हेरखात्यात होते, बेल्जियममधल्या गुप्त कारवाया पाहायचे. नेमून दिलेलं कापड, नेमून दिलेली बटणं, सामान्य बाईच्या खिशाला परवडेल असा भाव, एवढ्या चौकटीत ओव्हरकोट, सूट आणि फ्रॉक काढून दाखवा, असं त्यांना सांगितलं गेलं. तिसांहून अधिक नमुने तयार झाले. कुठला नमुना कोणाचा हे जाहीर केलं नाही. नमुन्यांचे कागद कारखान्यांना मिळाले आणि राणीच्या शिंप्याचं बेतणं कारखान्यातल्या मुलीच्या अंगावर आलं. व्यापार मंडळाने त्यांतले मूळ कपडे त्याच वर्षी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिले. आजही ते तिथल्या संग्रहात आहेत.

या कपड्यांची ठेवण पाहिली की त्यांचं शहाणपण कळतं. खांदे रुंद, कंबर आवळलेली, स्कर्ट सरळ आणि गुडघ्याच्या जरा खाली. गणवेशाची ताठ रेघ त्यात उतरलेली आहे. कापड वाचवायचं म्हणून घेर कमी केला, पण चालताना पाऊल अडू नये म्हणून पुढे एकच खोल प्लीट दिली. झालर नाही, भरतकाम नाही. नजर जाते ती खांद्याच्या जोडावर, टक्सवर, कॉलरच्या टोकावर. म्हणजे थेट बेतण्यावर.

काचेमागचा कपडा शिंप्याला अर्धाच कळतो. कपडा उलटा करून आतून पाहावा लागतो. ती संधी मला पोर्टोबेलो रोडच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात मिळाली. गडद निळ्या रेयॉन क्रेपचा फ्रॉक, त्यावर बारीक पांढरी फुलं, मानेशी चीजचा शिक्का. विकणाऱ्या बाईने तो मला मनमुराद उलटसुलट करू दिला. पुढे चारच बटणं, कापडाने मढवलेली. स्कर्टला सहा कळ्या. शिवणींत माया जेमतेम पाव इंच, पण काठ हाताने असे घट्ट बांधलेले की ऐंशी वर्षांत एक धागा सुटला नव्हता. कॉलरची वरची घडी फुलांच्या कापडाची, आतली साध्या निळ्या तुकड्याची. कुशीच्या शिवणीला टीपेच्या तीन वेगवेगळ्या रेघा दिसत होत्या. कोणी तरी तो आधी आत घेतला होता आणि नंतर पुन्हा सोडला होता. कमरेला पट्ट्यासाठी दोऱ्याचे दोन नाकेही होते, पट्टा मात्र नव्हता. तो सापडला काखेत. घामाने कापड विरतं तिथे दोन्ही बाजूंना त्याच फुलांची ठिगळं होती, पट्टा कापून लावलेली. फुलाला फूल जुळवून. उजेडात धरल्याशिवाय जोड कळत नव्हता. ज्या बाईने हे केलं तिचं नाव कधीच कळणार नाही, पण ती माझ्या वर्गात असती तर मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

असं काम घराघरांत चाललं होतं. १९४३ मध्ये सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा, फाटलं तर सांधा, असा तिचा सांगावा. गावोगाव शिवणाचे वर्ग निघाले. नवरा आघाडीवर गेला की त्याच्या कपाटातले सूट बायकोच्या अंगावर येऊ लागले. पुरुषाच्या विजारीचा बाईचा स्कर्ट कसा होतो, हे मी माझ्या वर्गात करून घ्यायचे. आधी सगळ्या शिवणी उसवायच्या, दोन पायांचे चार तुकडे होतात. ते धुऊन, ओलं फडकं ठेवून इस्त्री करायची. मग एकेक तुकडा उजेडासमोर धरायचा. बुड आणि गुडघे झिजलेले असतात, तिथे खडूची खूण करायची. विजार मांडीशी रुंद आणि घोट्याशी अरुंद, स्कर्ट नेमका त्याच्या उलट. म्हणून तुकडे उलटे करायचे, घोट्याची बाजू कमरेला आणि मांडीची बाजू तळाला. झिजलेलं बुड कापून जातं आणि गुडघ्याचा विरलेला भाग प्लीटच्या आत दडवता येतो. कापडाची वरची बाजू फिकी पडली असेल तर आतली बाजू वर घ्यायची. मुलींना हे पहिल्यांदा दाखवलं की वर्गात एकदम शांतता पसरायची.

बाकीच्या युक्त्या आता सर्वांना ठाऊक आहेत. रेशीम पॅराशूटसाठी गेलं, तेव्हा मुली पाय ग्रेव्हीच्या रंगाने रंगवून मागे भुवईच्या पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढायच्या. मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबर मिळेना. मग इलॅस्टिक बायकांच्या अंतर्वस्त्रांपुरतं राखून ठेवलं. कारखान्यात केस यंत्रात अडकू नयेत म्हणून डोक्याला फडकं गुंडाळायची पद्धत आली आणि तीच रस्त्यावरची फॅशन झाली. मुलं वाढत होती, कूपनं वाढत नव्हती. तेव्हा महिला स्वयंसेवी सेवेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रं उघडली. चोरबाजारही होता. कूपनं चोरीला जात, खोटी छापली जात. सगळा देश साधुसंतांचा झाला होता असं मी म्हणणार नाही. पण नियम सर्वांना सारखा आहे, हा विश्वास बहुसंख्यांच्या मनात टिकला. योजना टिकली ती त्याच बळावर.

इंग्लिश खाडीपलीकडे पॅरिसमध्ये वेगळीच लढाई चालली होती. जून १९४० मध्ये शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि तिथला अख्खा उंची शिवणधंदा बर्लिन आणि व्हिएन्नाला हलवण्याचा घाट त्यांनी घातला. शिवणगृहांच्या संघटनेचे प्रमुख लुसियाँ ललाँग वाटाघाटी करत राहिले. जरीकाम करणारी, बटणं घडवणारी, पिसं लावणारी हजारो माणसं त्याच शहरात रुजलेली आहेत, ती उपटून नेता येणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा. धंदा पॅरिसलाच राहिला. मुक्तीनंतर १९४५ मध्ये याच शिवणगृहांनी तारेच्या, दीड हात उंचीच्या बाहुल्यांना खरेखुरे पोशाख शिवून घातले आणि त्यांचं प्रदर्शन भरवलं. कापड पुरेसं नव्हतं म्हणून बाहुल्या.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओरने मीटरच्या मीटर कापड खाणारे घेरदार स्कर्ट दाखवले, तेव्हा लंडनमध्ये अजून कूपनं चालू होती. व्यापार मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष स्टॅफर्ड क्रिप्स, १९४२ मध्ये भारतात योजना घेऊन आलेले तेच, या उधळपट्टीवर उघड नाराज होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. नवरीच्या पोशाखासाठी तिलाही कूपनं लागली. सरकारने जादा कूपनं दिली. देशभरातल्या बायकांनी आपली कूपनं तिला पाठवली, पण एकाचं कूपन दुसऱ्याने वापरणं बेकायदा असल्यामुळे ती साभार परत केली गेली. रेशीम शत्रुदेशातल्या किड्यांचं आहे का, असाही प्रश्न निघाला. ते चीनमधलं असल्याचा खुलासा तो पोशाख शिवणाऱ्या हार्टनेल यांना करावा लागला. १५ मार्च १९४९ रोजी कपड्यांचं रेशनिंग संपलं. युटिलिटी योजना आणखी तीन वर्षं चालली.

ही कथा ब्रिटनमध्ये अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान खरा आहे. पण मी ती तिथेच संपवू शकत नाही, कारण त्याच सरकारची आणखीही प्रजा होती.

मुंबईच्या गिरण्या युद्धात अहोरात्र चालू होत्या. त्यांचं कापड फौजांकडे जात होतं, आखाताकडे आणि आफ्रिकेकडे जात होतं. इथल्या बाजारात भाव कित्येक पटींनी चढले. कापसाच्या कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणणारा आदेश निघाला जून १९४३ मध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या त्या रविवारानंतर दोन वर्षांनी. माझी आई तेव्हा गिरगावात नवी नवरी होती. कंट्रोलच्या दुकानासमोरची रांग ती शेवटपर्यंत विसरली नाही. नऊवारी सोडून तिने पाचवारी धरली ती त्याच दिवसांत. सासूला ते रुचलं नाही. आईने वाद घातला नाही, वाचलेल्या कापडातून माझ्या मोठ्या भावाची झबली शिवून दाखवली.

आमच्या घरावर बेतलं ते इतकंच. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. अन्नापाठोपाठ कापडाचाही दुष्काळ पडला. एका साडीत घरातल्या दोघीतिघी पाळीपाळीने बाहेर पडत. अंगावर घालायला काही नाही म्हणून बायका लंगरापर्यंतही जाऊ शकत नव्हत्या. बंगाली लेखक माणिक बंदोपाध्याय यांनी यावर कथा लिहिली, तिचं नाव 'दुःशासनीय'. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला त्या नावापुढे काही सांगावं लागत नाही.

मोज्याची लांबी इंचात बांधून देणारं सरकार एका साडीची वाटणी करू शकलं नाही, हे मला पटत नाही. करता आलं असतं. शिस्त होती, कारकून होते, गिरण्या होत्या. ज्यांच्यासाठी ते करायचं त्यांना मत नव्हतं. युद्धकाळातली फॅशन शिंप्याच्या टेबलावर घडली, पण त्या टेबलावर कापड किती येणार हे राजकारणाने ठरवलं.

ब्रिटनने आपले साधे कपडे जपले. त्या निळ्या फ्रॉकवरचा शिक्का बाजारातली बाई आजही गिऱ्हाइकाला समजावून सांगते. आपल्याकडचं त्या काळातलं कापड अखेरच्या धाग्यापर्यंत वापरलं गेलं. साडीची परकर-पोलकी झाली, परकराची दुपटी, दुपट्याची पोतेरी. म्हणून फारसं काही मागे उरलं नाही. तरीही कोणाच्या ट्रंकेत कंट्रोलच्या काळातलं एखादं कार्ड असेल, भावाचा शिक्का असलेला कापडाचा तुकडा असेल, १९४३-४४ मधल्या लग्नाचा फोटो असेल. यातलं काहीही टाकू नका. फोटोतल्या बाईने काय नेसलंय, ते कुठून आलं, कोणी शिवलं, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.